चकचकीत टायर

४ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा त्या मंडळींबरोबर गेलो. जगात मोटरसायकल चालवणाऱ्यांपेक्षा मोटरसायकलवर बोलणारेच जास्त असणार, आणि त्यातले निवडक आमच्या गटात भरती झालेत.

रविवारी सकाळी पेट्रोल पंपावर जमायचं, रांगेने घाट चढायचा, वरच्या हॉटेलात गोल करून बसायचं आणि एकेकाने सांगायचं की आठवडाभरात काय चालवलं आणि काय दुरुस्त केलं. याला ते 'फेरी' म्हणतात. मी याला कीर्तन म्हणतो, पण मनात.

पुढारी दंतवैद्य. त्याचे हातमोजे, बूट आणि गाडीची टाकी एकाच लाल रंगाची. आज त्याने स्पार्क प्लग बदलल्याची हकिकत सांगितली. आधी प्लग कसा दिसत होता, मग पाना कसा सापडेना, मग कसा सापडला. बाळंतपणाची हकिकतसुद्धा माणसं याहून थोडक्यात सांगतात. आणि बाकीचे काय, तर माना डोलावतायत.

रांगेच्या शेवटी शेपूट. म्हणजे बँकेतला एक जाडा अधिकारी. शेवटच्या माणसाने कोणाला ओलांडायचं नाही, कोणाची गाडी बंद पडली की थांबायचं, असा नियम आहे. कोणालाच नको असलेलं हे काम त्याने आपणहून मागून घेतलंय. त्याच्या गाडीला मागे पेटी. पेटीत बँडेज, पंक्चरचं सामान, सुईदोरा, नॅपकिन, थर्मास. माहेरी निघालेली बाई बरी. आणि चालवतो कशी, तर मागून सायकलवाला घंटी वाजवेल अशी.

मग मी कशाला जातो? ती येते म्हणून.

ती लॅबमध्ये आहे. सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. उपाशीपोटी बसलेले म्हातारे दाराकडे डोळे लावून असतात आणि हिच्या गाडीचा आवाज आला की बाही वर करून बसतात, असं तिनेच सांगितलं. आज फेरीत तिने क्लचची वायर स्वतः बदलल्याचं सांगितलं. दोन वाक्यांत. मग मला म्हणाली, "हिरो, तुझं काय?"

"मी काम करतो. कामाच्या कथा सांगत नाही."

दंतवैद्याचं तोंड पडलं. ती हसली. सगळेच हसले, पण तिचं हसणं वेगळं होतं.

उतरताना ती मुद्दाम मागे पडली आणि घाटभर शेपटाच्या पुढे-पुढेच राहिली. त्या जाड्याला एकटं वाटू नये म्हणून. मन फार मोठं आहे तिचं.

७ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेज मी सोडलं. कॉलेजचं म्हणणं वेगळं आहे, पण ही वही माझी आहे. तेव्हापासून काकाच्या दुकानात बसतो. पुढे सुटे भाग, मागच्या अंगणात दुरुस्ती. काका मला इंजिनिअरसाहेब म्हणतो. गिऱ्हाइकासमोर तर मुद्दाम. "इंजिनिअरसाहेब, जरा तो नट उचला खालचा."

दुपारी ती आली. हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले. काका काहीतरी विचारत होता, मला ऐकू आलं नाही.

"हिरो, मागचा ब्रेक कुरकुरतोय रे. बघतोस?"

"ठेवून जा."

"आणि मी काय पायी फिरू? माझे म्हातारे चहावाचून बसलेले असतात, शिव्या घालतात."

"माझी ने."

"तुझी? तिचा आवाज ऐकून त्यांचं बीपी वाढेल. रिपोर्ट कोण निस्तरणार?"

शनिवारी दुपारी आणून देते म्हणाली. मग जाता जाता, पाठ माझ्याकडे करून, "आणि जरा पुसूनबिसून दे हं. रविवारी फोटो काढायचाय वर. गाडीला वर्ष झालं."

"कोणाबरोबर फोटो?"

"आहे एक जण," म्हणाली आणि घाईघाईने हेल्मेट घातलं.

आहे एक जण! अंगणात जाऊन मी उगाचच एक जुना सायलेन्सर ठोकत बसलो. काका म्हणाला, तो भंगारातला आहे, त्याला मार नको.

१० फेब्रुवारी, शनिवार

गाडी धुणाऱ्यांबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्याला चालवता येत नाही तो धुतो. दंतवैद्य दात घासायच्या ब्रशने चेन घासतो, हे त्याने फेरीत अभिमानाने सांगितलं होतं.

आज मी धुतली. ब्रेक अर्ध्या तासाचं काम होतं, बाकी सगळी दुपार पुसण्यात गेली. टाकी, आरसे, हँडल, तारा. स्पोकमधून फडकं घालून प्रत्येक तार पुसली. काका म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, नवरदेव कोण?" मी ऐकलंच नाही.

टायर मात्र मळकेच दिसत होते. वरच्या गाडीला खालून बट्टा. मग काकाच्या फळीवरून टायर पॉलिशचा डबा काढला, मोटारवाले नेतात तो. डब्याच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरांत बरंच काही लिहिलंय. सूचना वाचायला दंतवैद्य आहे. मी फवारा मारला, पुढच्या चाकाला, मागच्या चाकाला, जिथे टायर दिसला तिथे. वाळल्यावर आणखी एक हात. कडेपासून कडेपर्यंत एक ठिपका सोडला नाही. असा काळा रंग! त्यात तोंड दिसेल.

संध्याकाळी ती आली आणि दारातच थांबली. "अय्या, ही माझीच का?"

माझ्या खांद्यावर थाप मारली तिने. अजून जागा कळते. सरळ रस्त्याने दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. चाकं आरशासारखी.

११ फेब्रुवारी, रविवार

ती पडली. घाटातल्या मोठ्या वळणावर. उजवं मनगट मोडलंय.

मी पुढे होतो, दंतवैद्याच्या मागे. परत फिरून पोचलो तेव्हा शेपटाने आपली गाडी रस्त्यात आडवी लावून दिवे चालू ठेवले होते आणि मासिकाची गुंडाळी करून तिच्या हाताला बांधत होता. तिच्या बरोब्बर मागे होता तो. मागे असून काय उपयोग झाला?

"काही नाही रे, काही नाही," ती म्हणत होती, आणि ओठ पांढरे.

दंतवैद्याची कॉलर धरली मी. "एवढ्या जोरात का नेत होतास?" एरवी मी त्याला अहो म्हणतो. लोक सोडवायला धावले. ती ओरडली, "हिरो, पुरे!" मग सोडलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यांकडे उत्तर तयार. एक म्हणतो खडी होती. खडी नव्हती, मी आज जाऊन गुडघ्यावर बसून पाहिलं. दुसरा म्हणतो ब्रेक लावला असेल. दंतवैद्य तर मोठा तत्त्ववेत्ता. "नजर चुकते. वळणावर नजर चुकली की तोल जातो. मुलींचं होतं असं."

मुलींचं होतं! याच्या खुर्चीत बसलं की माणसाला बोलता येत नाही, म्हणून याला सवय लागलीय.

हॉस्पिटलमध्ये गेलो तर शेपूट आधीच तिथे. तिच्या आईला सफरचंद कापून देतोय. बँकेला रोज सुट्टी असते का? आई त्याला 'अरेतुरे' करत होती आणि मला 'बसा' म्हणाली. माझा मान राखला. त्याला कोण विचारतो.

ती भिंतीकडे बघून म्हणाली, "मी नीट घेतलं होतं रे वळण. मला वाटलं, नीट घेतलं."

१५ फेब्रुवारी, गुरुवार

तिची गाडी अंगणात आहे. पाय ठेवायची वाकलेली पट्टी सरळ करत होतो. उठताना आधाराला पुढच्या टायरवर हात टेकला आणि हात सटकला. कपाळ हँडलवर आपटलं.

मग नीट पाहिलं. टायरचा मधला पट्टा करडा, खरखरीत, जसा असावा तसा. सरळ रस्त्यावर घासून पॉलिश निघून गेलेलं. कडा मात्र जशाच्या तशा. काळ्या, गुळगुळीत. सरळ जाताना कड रस्त्याला लागतच नाही. लागते ती गाडी वळणावर कलली की.

बोटाला वास आला. डबा काढून पाठ वाचली. 'केवळ बाजूच्या भागावर वापरावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर वापरू नये. दुचाकीसाठी नाही.'

बरीच अक्षरं होती. सगळं वाचलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणाला सांगितलेलं नाही.

आणि सांगून काय? हाड जुळायचं तेव्हाच जुळणार. दंतवैद्याला फेरीत चघळायला वर्षभराचं खाद्य मिळेल, तेवढंच.

२६ फेब्रुवारी, सोमवार

लॅबने तिला टेबलावर बसवलंय. प्लॅस्टरच्या हाताने रक्त घेता येत नाही, डाव्या हाताने नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. तिचे म्हातारे दुसऱ्याला वाटून दिले. एका आजोबांनी म्हणे त्या नव्या माणसाला दारातूनच परत पाठवलं, "आमची मुलगी येईल तेव्हा या."

रोज सकाळी मी तिला सोडतो. माझ्या मागे बसते. हे शब्द लिहायला किती बरं वाटतं. माझ्या मागे बसते! आणि काय घट्ट धरते. वळण आलं की डाव्या हाताची बोटं बरगडीत रुतवते, अंगाचं लाकूड करून घेते, श्वासही सोडत नाही. सरळ रस्ता लागला की मग मोठा श्वास. मी मुद्दाम मार्केटमागच्या वळणावळणांच्या रस्त्याने नेतो.

आज उतरल्यावर म्हणाली, "उद्यापासून बसने जाते रे."

"का? मी आहे ना."

"तुला कशाला त्रास."

माझी काळजी करते. मी म्हटलं, त्रास कसला, आयुष्यभर सोडीन. ती हसली नाही. तिचा चेहरा घामाने थबथबला होता. ऊन तर नव्हतं.

मग म्हणाली, गाडी विकून टाकते. आता आपल्याच्याने होणार नाही.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. गाडी गेली की ती रोज माझ्यामागेच. हे मी आधीच मनात मांडून ठेवलं होतं. झाला नाही आनंद. काय बिनसलंय कोण जाणे. आईने विचारलं जेवत का नाहीस, तिच्यावरही ओरडलो.

३ मार्च, रविवार

फेरीला गेलो. ती हात गळ्यात बांधून शेपटाच्या गाडीवरून आली. तो हळू चालवतो, म्हणून.

दंतवैद्याने टेबलावर घाट मांडला. साखरदाणी म्हणजे डोंगर, चमचे म्हणजे रस्ता, काडेपेटी म्हणजे ती. काडेपेटी तीनदा आडवी पाडून दाखवली. "इथे नजर गेली. इथे. आपण शिकायला हवं यातून."

ती काडेपेटीकडे बघत होती. मग म्हणाली, "मी गाडी विकतेय. कोणाला हवी असेल तर सांगा."

शेपटाने मान खाली घातली. दंतवैद्य मात्र, सगळे दात दाखवून, "शहाणपणाचा निर्णय. अगं, मागे बसण्यातही आनंद असतो. सगळ्यांनाच हँडल झेपतं असं नाही."

माझं डोकं फिरलं. साखरदाणी उचलून मी त्याच्या पुढ्यात आपटली. "अहो दातवाले, गप्प बसा! वळण तिने बरोबर घेतलं होतं. तुमच्यापेक्षा बरोबर. टायरला पॉलिश होतं, पॉलिश! कडेपर्यंत! तिथे तुमचे आजोबा असते तरी पडले असते!"

"पॉलिश कोणी लावलं?"

"मी लावलं!"

मी जिंकलो होतो. खरंच तसं वाटलं, क्षणभर. दंतवैद्याचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग कळलं, मी काय बोललो.

शेपटाने हळूच विचारलं, "कधी कळलं तुला?"

"झाले थोडे दिवस."

मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, कानाखाली वाजवेल. वाजवायला हवी होती. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. चमच्यांचा रस्ता बोटाने सारखा करत होती. "म्हणजे मी नीट घेतलं होतं?" एकाला म्हणाली. मग दुसऱ्याला. "मी नीट घेतलं होतं वळण?" मग शेपटाला, आणि त्याला विचारताना रडायला लागली. रडताना हसत होती. तो म्हणाला, "मी मागूनच पाहत होतो ना. नीटच घेतलं होतंस. मी तेव्हाही सांगत होतो." नॅपकिन काढला पेटीतला. असणारच.

रागावली असती तर बरं झालं असतं. रागवायला माणूस निदान आपल्याकडे बघतो.

६ मार्च, बुधवार

दंतवैद्याचा निरोप आला. 'काही काळ विश्रांती घ्यावीस असं सर्वांचं मत आहे.' साधं 'येऊ नको' म्हणायलाही याला भूल द्यावी लागते.

काकालाही कळलंय. गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायचा नाही, असा हुकूम. इंजिनिअरसाहेब म्हणणंही बंद केलंय. नावाने हाक मारतो. ते जास्त लागतं.

७ एप्रिल, रविवार

काल ती दुकानात आली. प्लॅस्टर निघालंय, मनगट बारीक झालंय. काकाशी बोलली, नवीन टायर घेतले दोन्ही. मी फळीवरची धूळ पुसत होतो, पाठ करून.

"चाकं याला बसवू द्या," काकाला म्हणाली.

काका म्हणाला, "मुली, अजून हौस फिटली नाही का?"

"त्यालाच बसवू द्या."

मी बसवली. ती स्टुलावर बसून सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होती. शेवटी मीच म्हणालो, "नवा टायरही सुरुवातीला घसरतो. थोडा घासला जाईपर्यंत हळू जा."

"हे आत्ता सुचलं?" आवाजात पहिल्यांदा जरा काहीतरी होतं. मग म्हणाली, "चाकं तू बसवलीस ना? मग उद्या मागे तू बसायचं. मोठ्या वळणापर्यंत."

आज सकाळी आली. मी मागे बसलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना, शेवटी मांड्यांवर ठेवले. गाव सुटलं, घाट सुरू झाला. पहिल्याच वळणावर गाडी कलली. हँडल आपल्या हातात नसताना रस्ता केवढा जवळ येतो! मी सीटची पट्टी घट्ट धरली. बोटं पांढरी पडेपर्यंत. आणि मार्केटमागच्या त्या वळणावळणांच्या रस्त्याने मी तिला कशी न्यायचो, ते आठवलं. ती माझ्या अंगाला बिलगत नव्हती. ती मरत होती.

"बरा आहेस ना?" तिने विचारलं.

"हो."

"खोटं बोलतोस. मीही हो म्हणायचे."

मोठ्या वळणावर शेपूट उभा. गाडी कडेला, दिवे लुकलुकतायत, आणि हातात खराटा. बँकेचा अधिकारी घामाघूम होऊन सार्वजनिक रस्ता झाडतोय! खडी नव्हती, पालापाचोळासुद्धा नव्हता, तरी झाडतोय. खराटा धरलाय असा, जणू कोणाला ओवाळायचंय. आम्हाला पाहिल्यावर पोट आत घेऊन बाजूला झाला.

तिने वळण घेतलं. वर जाऊन गाडी फिरवली, पुन्हा घेतलं. मनगट दुखत होतं, दर खेपेला हात झटकत होती. तिसऱ्यांदा घेताना तिच्या खांद्यातला ताठपणा गेला, मला मागून कळलं. काय सुंदर घेतलं. पाण्यावरून हात फिरवावा तसं.

मागे बसलं की चालवणाऱ्याचा चेहरा आरशात दिसतो. मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात कोणाच्या मागे बसलोच नव्हतो. वळणभर तिची नजर रस्त्यावर होती, पुढे, जिथे असायला हवी तिथे. वळण संपलं आणि ती नजर खराटेवाल्याकडे गेली. तो चेहरा मी ओळखला. माझाही तसाच होत असणार इतके दिवस, फक्त माझ्यासमोर आरसा नव्हता.

शेपूट! ताशी चाळीसच्या वर गाडी न नेणारा, सुईदोरावाला शेपूट!

ती थांबली. "कसं घेतलं?"

"उत्तम," तो म्हणाला. मला विचारलं नव्हतं.

मी उतरलो. म्हटलं, मी चालत जातो.

"अरे हिरो, वेडा आहेस का? आम्ही वर जाऊन चहा पिऊन येतो, मग हा सोडेल तुला."

"नको."

तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, पहिल्यांदाच त्या दिवसानंतर. "मी अजून चिडलेली आहे तुझ्यावर," म्हणाली. "फार चिडलेय. पण चाकं चांगली बसवलीस." आणि दोघं वर गेली, ती पुढे, तो मागे, बैलगाडीच्या वेगाने.

मी उतरत निघालो. खालच्या वळणावर खरीच खडी होती, चांगला ढीग, रस्त्याच्या मधोमध. हे त्या शहाण्याने झाडलं नव्हतं. बँकेतली माणसं अशीच, नेमलेल्या वळणापुरतं काम. थोडा वेळ उभा राहून मी मनसोक्त शिव्या घातल्या त्याला. मग पायाने ती खडी सगळी कडेला लोटली. चहा पिऊन ती याच बाजूने उतरणार होती.